ट्रान्सप्लांटला ४ महिने झाले, गणपतीला गावी न्यावं का? काढा, शेत, क्रिएटिनिन सगळंच विचारायचं आहे

खानापूरची_सून

नमस्कार. जरा मोठं लिहिणार आहे, वाचा प्लीज, कारण विचारायला दुसरं कोण नाही आणि डॉक्टरांसमोर बसलं की निम्मे प्रश्न विसरूनच जातात.

माझ्या मिस्टरांचं एप्रिलमध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालं. वय ३६. किडनी आमच्या सासूबाईंनी दिली, त्या ५९ च्या. त्याआधी सव्वा वर्ष डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, पाणीसुद्धा मापून, उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे ते बघवत नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनी भरलेली लघवीची पिशवी दाखवली तेव्हा मी तिथंच वॉर्डात रडले. आता देवाच्या दयेनं चांगलं चाललंय. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉईड), शिवाय जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सेप्ट्रान आणि बीपीची गोळी. हात थोडे थरथरतात, चहाचा कप बशीवर वाजतो, तोंड सुजल्यासारखं गोल झालंय.

सध्या आम्ही बेळगावात अनगोळला भाड्याच्या खोलीत राहतोय. गाव खानापूरच्या पलीकडं जंगलाच्या बाजूला, पावसात लाईट दोन दोन दिवस नसते. आता गणपती आला. घरचे सगळे म्हणूलेत की एवढं मोठं संकट टळलं, देवासमोर यायलाच पाहिजे. मिस्टरांचा पण जीव गावाकडं, भाताची लावण झाली आणि आपण बांधावर सुद्धा गेलो नाही म्हणून रोज हळहळतात. मला मात्र रात्रीची झोप लागत नाही. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी कमी काम करतेय असं समजतात) १.२ होतं, या वेळी १.४ आलं. डॉक्टर म्हणाले पाणी वाढवा, १० दिवसांनी परत टेस्ट करू, पण माझं मन काय थाऱ्यावर नाही. त्यात चुलत सासरे गुळवेलीचा काढा घेऊन आलेत, ताकद येते म्हणून, आणि नको म्हटलं की सून शहाणी झाली असं होतंय. उद्यमबागेत फौंड्रीत फिटर होते, तिथनं पण फोन येऊलाय कधी येणार म्हणून. औषधाचं पण असं की परवा दुकानदारानं टॅक्रोलिमस दुसऱ्याच कंपनीचं दिलं, आत तेच आहे म्हणाला, चारशे रुपये कमी लागले.

ज्यांचं झालंय किंवा ज्यांच्या घरात झालंय त्यांनी सांगा, तुम्ही कसं सांभाळलंत.

निपाणीचा_दुकानदार

वैनी, मला २०१९ साली किडनी मिळाली, जीवसार्थकते म्हणजे कर्नाटक सरकारच्या अवयवदानाच्या यादीत नाव होतं, मृत्यूनंतर दान केलेल्या माणसाची. कोण होता ते मला माहीत नाही, सांगत पण नाहीत. त्या तारखेला दरवर्षी मी दुकान बंद ठेवतो आणि त्याच्या नावानं एक दिवा लावतो, बस.

बाकीचं तुम्हाला कोणपण सांगेल. मी माझी चूक सांगतो कारण ती तुमच्या घरात होऊ नये.

सकाळची गोळी ९ ची आणि रात्रीची ९ ची. सकाळची कधी चुकली नाही, बायको पुढ्यात आणून ठेवायची. रात्रीची दुकानात असायची. गिऱ्हाईक असलं की साडेनऊ, कधी दहा, शटर ओढून हिशोब करून घरी गेल्यावर अकरा, आणि कधी कधी झोपच लागायची आणि सकाळी पाकिटात गोळी दिसायची. असं तीन महिने चाललं असेल. मला काय पण त्रास नव्हता, एवढं लक्षात घ्या. ताप नाही, दुखणं नाही, लघवी पहिल्यासारखीच, भूक उलट जास्त. रुटीन टेस्टला गेलो तर क्रिएटिनिन १.३ चं २.१. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल ३ च्या खाली, पाहिजे त्यापेक्षा कमी. बायोप्सी केली, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, रिजेक्शन निघालं, शरीर किडनी नाकारायला लागलेलं. तीन दिवस शिरेतनं मिथाइल प्रेडनिसोलोन, साखर चढली, इन्सुलिन लावलं. किडनी वाचली पण क्रिएटिनिन १.६ वर येऊन थांबलं ते थांबलंच, १.३ परत कधी बघायला मिळालं नाही. शरीराला ती किडनी परकीच, आपण गोळीनं पहारेकऱ्याला झोपवून ठेवतो आणि मी रोज रात्री त्याला तास दोन तास जाग आणून देत होतो असं आमच्या डॉक्टरनी समजावलं.

आता मोबाईलला दोन अलार्म, गल्ल्यात एक डबी, पाकिटात दोन दिवसांची जादा गोळी, आणि कुठं पण गेलं तर पिशवी दोन ठिकाणी वाटून. एसटीत एक बॅग गेली तरी दुसरी राहते. समोर गिऱ्हाईक असू दे नाहीतर सोयरा, ९ वाजले की गोळी. गावी जायचं असलं तर जावा, पण आधी ह्याची व्यवस्था करा. देवाच्या आरतीत सुद्धा ९ वाजतातच.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मी ९ वर्षं किडनीच्या वॉर्डात ड्युटी केलीय, आता बेळगावातच दुसरीकडं आहे. मी काय डॉक्टर नव्हे, तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा, पण जे रोज बघितलं ते सांगते.

पहिल्यांदा क्रिएटिनिन. १.२ चं १.४ झालं म्हणजे किडनी गेली असं अजिबात नाही. पाणी कमी पडलं, जुलाब झाले, आदल्या दिवशी मटण भरपूर झालं, वेगळ्या लॅबमध्ये दिलं, एवढ्यानं सुद्धा हलतं. पण दुर्लक्ष करायचं पण नाही, १० दिवसांनी सांगितलंय तर दहाव्या दिवशीच करा, गणपती झाल्यावर बघू असं नको, आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रो लेव्हल, साखर, रोजचं बीपी आणि सकाळचं वजन लिहा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं किंवा पायाला सूज आली तर टेस्टची वाट न बघता फोन करायचा. डायलिसिसवाल्या माणसाची एक सवय असते, ऑपरेशननंतर पण घोटभरच पितो, हात आखडलेलाच असतो. सांगितलेलं पाणी, बहुतेकांना अडीच ते तीन लिटर असतं, ते बाटलीत भरून समोर ठेवा आणि संध्याकाळी बाटल्या मोजा.

लेव्हलची एक गोष्ट फार घोटाळा करते. टॅक्रोचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी. लोक गावाकडनं सहाच्या बसनं निघतात, घरातनं निघताना गोळी घेऊनच येतात आणि मग लेव्हल भलतीच जास्त दिसते. गोळी सोबत आणायची, रक्त दिल्यावर लगेच घ्यायची.

दुकानदारानं कंपनी बदलून दिली त्याचं मला सगळ्यात जास्त वाटलं. या औषधात थोडंसं कमी पडलं तर रिजेक्शन, थोडं जास्त झालं तर तेच औषध किडनीला त्रास देतं. कंपनी बदलली तर लेव्हल हलू शकते. स्वस्त घ्यायला हरकत नाही, डॉक्टरांना सांगून बदलायचं आणि बदलल्यावर लेव्हल बघायची. तुमच्या १.४ चं कारण तेच आहे असं मी म्हणत नाही, पण उद्याच फोन करून कुठल्या तारखेपासून दुसऱ्या कंपनीची गोळी चालू आहे ते सांगा. दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढून ठेवा.

काढा बिलकूल नको. चुलत सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, मला मान्य. पण गुळवेल कशासाठी देतात? प्रतिकारशक्ती वाढवायला. आणि आपण एवढ्या महागाच्या गोळ्या घेतोय त्या प्रतिकारशक्ती आवरून धरायला. दोन्ही एकमेकाच्या विरुद्ध. कोविडच्या वेळी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटचे रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलेत. भस्मं, जडीबुटी, जिमवाल्यांची पावडर, हे पण त्यातच आलं. तुम्ही वाईट व्हायला नको, सरळ डॉक्टरांच्या नावावर घाला, फाईलवर लिहून घ्या हवं तर.

आणि गणपतीला निघालाय म्हणून मुद्दाम सांगते, पपनस. तुमच्या बाजूला गोव्यासारखी माटोळी, गणपतीच्या वर फळांची चौकट, बांधतात ना, त्यात पपनस असतं. ते त्यांनी खायचं नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूटमुळं टॅक्रोची लेव्हल रक्तात चढते. मोसंबी, संत्रं याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, पोटॅशियम किती आहे त्यावर ठरतं. गावात ताप आला आणि जवळच्या दवाखान्यात गेलात तर आधी ट्रान्सप्लांट झालंय हे सांगायचं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी लेव्हल चढते, टीबीच्या रिफाम्पिसिननं एकदम खाली येते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असली दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचंच नाही, पॅरासिटामॉल चालते. पण १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू असं पण करायचं नाही, रात्र असली तरी ट्रान्सप्लांटच्या नंबरवर फोन. या माणसांना साधा ताप साधा नसतो.

शेत. आता लावण झालेल्या चिखलात उतरायचं नाही, बांधावर बूट घालून उभं राहू दे हवं तर. उंदराच्या लघवीनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आपल्या भाताच्या पट्ट्यात पावसात तो असतोच. बुरशी आलेला पेंढा, गंजी उपसणं, गोठा झाडणं, शेणात हात, हे पण नको, त्या बुरशीची धूळ फुफ्फुसात जाते. पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक कारण औषधांचा डोस तेव्हाच जास्त असतो, म्हणून तर सेप्ट्रान चालू आहे. पुढं बूट, हातमोजे घालून बरीच कामं होतात, मी करणारी माणसं बघितलीत.

एक राहिलं. नवी किडनी पोटात खाली, जांघेच्या वर असते, बरगडीचं कवच तिला नाही. बैलाचं शिंग, पॉवर टिलरचं हँडल, लहान पोराची उडी, याला जपा.

खानापूरची_सून

सिस्टर, दुकानदार दादा, तुमचे उपकार कसे फेडू. फोन केला. कंपनी बदललेली ऐकल्यावर त्यांनी १० दिवस थांबूच नका, परवाच लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही करा म्हणून सांगितलं. जुन्या कंपनीची पट्टी आणली. आणि खरं सांगते, आम्ही पण दरवेळी गोळी घेऊनच रक्त द्यायला जात होतो, कुणी सांगितलेलं पण असेल, डिस्चार्जच्या गडबडीत आमच्या डोक्यात राहिलं नाही.

आता एक विचारते जे आधी लिहिलं नव्हतं. सासूबाई. ऑपरेशन झाल्यापासून सगळे ह्यांनाच बघायला येतात, नारळ, सफरचंद, तब्येत कशी आहे, आणि त्या कोपऱ्यात बसून चहा गाळत असतात. त्या कुणाला काही म्हणत नाहीत. काल मी त्यांच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी बघितली, गुडघ्यासाठी गावातनं आणलेली, दोन महिने चाललंय. सिस्टरनी लिहिलेलं नाव वाचलं आणि पट्टी परत बघितली, डायक्लोफिनॅकच. त्यांना पण चालत नाही का? त्यांचा तीन महिन्यांचा चेकअप पण राहिलाय, त्या म्हणतात मला काय झालंय, गाडीभाडं कशाला.

वडगावची_अक्का

ती पट्टी आजच काढून घे ग बाई. रागावून नको, प्रेमानं. मी २०१६ ला माझ्या मालकांना किडनी दिली, आमचा हातमाग, वडगावात. देणाऱ्याला एकच किडनी उरते, तिला दुखण्याच्या गोळ्या रोज रोज घातल्या तर ती किती दिवस सहन करणार. माझी पण कंबर दुखते मागावर बसून, मी शेक घेते, व्यायाम दाखवलेत ते करते, अगदीच झालं तर पॅरासिटामॉल, ती पण विचारून.

देणाऱ्याची तपासणी वर्षातनं एकदा झालीच पाहिजे, बीपी, क्रिएटिनिन, लघवीतनं प्रोटीन जातंय का, साखर. खर्चाचं म्हणाल तर त्या जन्मभराच्या गोळ्यांपुढं ही तपासणी काहीच नाही. आणि त्यांचं क्रिएटिनिन ऑपरेशनच्या आधीपेक्षा थोडं जास्त दिसलं तर घाबरू नका, एका किडनीवर तसं दिसतं, ती उरलेली हळूहळू मोठी होऊन काम वाढवते. मला पण आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं आणि ०.७ चं १.० बघून मी रात्रभर बसले होते.

आमच्या डॉक्टरनी मला एक गोष्ट सांगितली होती ती तुझ्या सासूबाईंना सांग. जगात पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट १९५४ साली अमेरिकेत बोस्टनला झालं, जुळ्या भावाची किडनी भावाला. देणारा भाऊ, रोनाल्ड हेरिक त्याचं नाव, त्यानंतर ५६ वर्षं जगला, २०१० ला ७९ व्या वर्षी गेला. मी ते ऐकलं आणि माझी छातीतली धडधड गेली बघ.

पण औषधापेक्षा दुसरंच लिहायला बसले मी. आमच्याकडं पण असंच झालेलं. लोक यायचे, मालकांच्या खाटेजवळ बसायचे आणि मी टाके पोटाला धरून चहा करायची. कुणाला वाईट म्हणत नाही, लोकांना कळत नाही, देणारा हिंडताफिरता दिसतो ना. एके दिवशी माझी नणंद आली चिकोडीहून, ती आधी आत आली, माझ्या हातातनं गाळणं काढून घेतलं आणि म्हणाली वैनी तू बस, मला तुझा टाका दाखव. एवढंच. मी किती रडले असेन. आज सात-आठ वर्षं झाली त्याला, नणंदेला मी कधी मोकळ्या हातानं पाठवत नाही.

तू तुझ्या सासूचा टाका बघ. चहा तू गाळ. आणि गणपतीला आल्यागेल्याला सांग की आधी आईंना भेटा, किडनी त्यांची आहे.

उद्यमबाग_फिटर

फौंड्रीचं मी सांगतो, मी पण त्याच एरियात आहे, ट्रान्सप्लांट २०२१. मी चौथ्या महिन्यात गेलो, डॉक्टरनी फिटनेस लिहून दिल्यावर, पण फर्नेसच्या बाजूला नाही. तिथं घामानं पाणी जातं आणि वाळूची धूळ असते. आमच्या सुपरवायझरनी इन्स्पेक्शनला टेबलावर बसवलं, उचलाउचल नाही, मास्क सक्तीचा. पगारात थोडा फरक पडला पण नोकरी राहिली. पत्र मागताना डॉक्टरांना स्पष्ट लिहायला सांगा, किती किलोच्या वर उचलायचं नाही, उष्णतेत काम नाही, पाणी प्यायला आणि बाथरूमला मोकळीक. नुसतं हलकं काम लिहिलं की जो तो आपल्याला पाहिजे तसं वाचतो. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर ४० मिनिटं चालतो, गोळ्यांनी भूक लय लागते, पहिल्या वर्षात ११ किलो वाढलं होतं माझं. साखर पण वाढू शकते या गोळ्यांनी, कुंदा समोर आला की मी एक चमचा घेतो आणि डबा पुढं सरकवतो. पूर्ण बंद केलं होतं तेव्हा चोरून खायचो, त्यापेक्षा हे बरं चाललंय. उन्हात टोपी आणि फुल शर्ट, कातडीच्या कॅन्सरचा धोका या औषधांनी वाढतो म्हणून सांगितलंय. तोंड गोल झालंय म्हणालात ते स्टेरॉईडचा डोस कमी होत जाईल तसं उतरतं, माझं वर्षात उतरलं. हात थरथरायचं पण कमी झालं.

निपाणीचा_दुकानदार

फिटर भावानं बरोबर सांगितलं. अजून एक, गावी पाणी उकळूनच. आणि निरसं दूध, रस्त्यावरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, कच्ची मोड आलेली उसळ नको. उंदरीचं, म्हणजे गणपतीतल्या उंदराच्या सणाचं, मटण चालतंय, ताजं आणि चांगलं शिजलेलं, मीठ कमी. रात्रीचं उरलेलं सकाळी नको. ताट आपल्या घरातल्या बाईनं वाढलेलं बरं, पंगतीत कोण काय वाढतंय ते कळत नाही.

खानापूरची_सून

सगळ्यांना रिपोर्ट द्यायला आले. परवा गोळी न घेता गेलो, पावणेनऊला रक्त दिलं, तिथंच बाकावर बसून गोळी दिली. लेव्हल पाहिजे त्यापेक्षा कमीच आली होती, डोस थोडा वाढवलाय. क्रिएटिनिन १.३. आठवड्यानं परत बोलावलंय. पाण्याच्या बाटल्या मोजतेय, पहिल्या दिवशी दीड लिटरच झालं होतं आणि मला वाटायचं भरपूर पितात.

गावी फक्त चतुर्थीच्या दिवशी जायचं ठरलं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, डॉक्टरांना विचारलं, मास्क घालून आणि गर्दीत न बसता चालेल म्हणाले. आरती ते दारात उभं राहून करतील. काढ्याचं मी नाही बोलले, ह्यांनीच काकांना फोन करून सांगितलं की आईनं दिलेली आहे काका, मला धोका पत्करायचा नाही. काका गप्पच झाले, मग म्हणाले बरं बरं, येताना मी मध आणतो, मी म्हटलं ते पण विचारून सांगते.

अक्का, तुमचं वाचून दाखवलं सासूबाईंना, त्या बोस्टनच्या भावाचं पण. टाका बघितला मी काल तेल लावताना, एवढ्या दिवसांत मी नीट बघितलाच नव्हता हे मला बोचलं. कुशीतनं तिरका आहे, आता पांढरा पडत आलाय. पट्टी त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिली. सोमवारी त्यांचं बीपी, रक्त, लघवी सगळं करायचं आहे, दोघांची एकाच दिवशी अपॉइंटमेंट घेतलीय म्हणजे गाडीभाड्याचा विषयच नको.

पपनसाचं सांगितलं तर म्हणाल्या माटोळीला बांधायचं, देवाचं आहे, पण या वर्षी खाली उतरवल्यावर घरात कापायचं नाही, शेजारी देऊन टाकायचं.

वडगावची_अक्का

सोमवारी आईंचं बीपी किती आलं ते इथंच लिही ग. ह्यांच्या आधी त्यांचं लिही.